यासुनी: न काढलेल्या तेलाचा भाव

26 जून 1972 रोजी इक्वेडोरच्या राजधानीत, किटो शहरात, एका बॅरलची मिरवणूक निघाली. अमेझॉनच्या जंगलातून आलेल्या कच्च्या तेलाचं हे पहिलं बॅरल लष्कराच्या गाडीवर चढवून शहरभर फिरवलं गेलं. रस्त्याच्या दुतर्फा गर्दी जमली, काहींनी हौसेने त्या तेलात बोटं बुडवली, आणि शेवटी ते लष्करी महाविद्यालयातल्या वीरांच्या स्मारकात मानाने नेऊन ठेवलं. केळी, कोको आणि कॉफी विकून गुजराण करणाऱ्या देशाला वाटलं, आता आपले दिवस पालटले.

पैसा आला, हे खरं. रस्ते झाले, शाळा झाल्या, सरकारी नोकऱ्या वाढल्या. पण तेल निघालं म्हटल्यावर परदेशी बँकाही दारात येऊन उभ्या राहिल्या. 1971 च्या अखेरीला 26 कोटी डॉलरच्या आसपास असलेलं परकीय कर्ज 1981 पर्यंत 580 कोटींच्या पुढे गेलं. तेलाने कर्ज फिटलं नाही, उलट आणखी कर्ज काढायची पत वाढली. यासुनीच्या जंगलाखालचं तेल काढायचं की जमिनीतच ठेवायचं, हे पुढचं सगळं प्रकरण वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं. "गरीब देशाला पर्यावरणाचे चोचले परवडत नाहीत" हे वाक्य इक्वेडोरमध्ये जेव्हा सर्वांत मोठ्याने बोललं गेलं, तेव्हा त्या देशाला तेल विकायला लागून चाळीस वर्षं झाली होती. आणि तो अजून गरीबच होता.

जंगल आणि त्याखालचं तेल

इक्वेडोर आकाराने महाराष्ट्रापेक्षा लहान आहे, लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास. पश्चिमेला पॅसिफिकचा किनारा, मधोमध अँडीजची रांग आणि पूर्वेला अमेझॉनचं खोरं. यासुनी राष्ट्रीय उद्यान त्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, पेरूच्या सीमेला लागून आहे. 1979 मध्ये ते स्थापन झालं, आज त्याचं क्षेत्रफळ दहा हजार चौरस किलोमीटरच्या जवळपास आहे, आणि 1989 पासून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत त्याची गणना होते.

इथली समृद्धी किती, याची कल्पना यावी म्हणून एकच आकडा देतो. यासुनीत एका हेक्टरात, म्हणजे जेमतेम अडीच एकरांत, शास्त्रज्ञांनी 655 जातींची झाडं मोजली. अमेरिका आणि कॅनडा या दोन अवाढव्य देशांत मिळून इतक्या देशी वृक्षजाती नाहीत.

हे जंगल निर्मनुष्यही नाही. वाओरानी लोक इथले. 1950 च्या दशकापर्यंत त्यांनी बाहेरच्या कुणालाही जवळ येऊ दिलं नव्हतं. त्यांच्यातले तागाएरी आणि त्यांचे शेजारी तारोमेनाने हे दोन गट आजही बाहेरच्या जगाशी संबंध ठेवत नाहीत; कुणी हद्दीत शिरलं तर भाले निघतात. 1999 मध्ये सरकारने त्यांच्यासाठी उद्यानाच्या दक्षिण भागात एक क्षेत्र राखून ठेवलं. तिथे ना तेल काढायचं, ना लाकूड तोडायचं, असं कागदावर ठरलं.

या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहेत ते उद्यानाच्या ईशान्य टोकाचे तीन तेलसाठे: इश्पिंगो, तांबोकोचा आणि तिपुतिनी. सरकारी दफ्तरात हा सगळा भाग ब्लॉक 43 म्हणून ओळखला जातो. 2007 च्या सुमारास इथे 84.6 कोटी बॅरल तेल असल्याचा अंदाज होता, म्हणजे देशाच्या ज्ञात साठ्याचा साधारण पाचवा हिस्सा. जगाच्या तेव्हाच्या खपाच्या मानाने हे तेल किती? जेमतेम दहा दिवसांचं.

यासुनीत तेलकंपन्या पहिल्यांदाच येत होत्या असंही नाही. 1990 च्या दशकात एका कंपनीने उद्यानातून सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता काढला होता. बाहेरचे शेतकरी आत घुसून जंगल साफ करतील या भीतीने रस्त्याच्या तोंडाशी चौकी बसवली, आणि ती भीती बऱ्याच अंशी टळलीही. झालं ते वेगळंच. वाओरानी कुटुंबं रस्त्याकडेला येऊन राहिली. कंपनीच्या गाडीतून फुकट जाता येई, हातात बंदूक आली होती. रानडुक्कर, पाका नावाचा सशाहून मोठा, उंदराच्या जातकुळीतला प्राणी, लोकरी माकड असं जे मिळेल ते मारून नापो नदीकाठच्या पोम्पेयाच्या बाजारात विकलं जाऊ लागलं. पूर्वी घरापुरती होणारी शिकार धंदा झाली, आणि रस्त्याच्या आसपासचं जंगल उभं असूनही रिकामं होत गेलं. उपग्रहाच्या छायाचित्रात हे दिसत नाही. "आम्ही एक टक्कासुद्धा जंगल तोडणार नाही" असं कुणी म्हटलं की मला हा पोम्पेयाचा बाजार आठवतो.

उत्तरेकडच्या लागो आग्रियोचा अनुभव तर त्याहून वाईट. 1967 मध्ये टेक्साको कंपनीने तिथे पहिली विहीर खोदली. तेलाबरोबर जमिनीतून खारट, गरम, विषारी पाणी वर येतं. ते परत खोल जिरवायचं तंत्र उपलब्ध होतं, पण खर्च वाचवण्यासाठी ते थेट ओढ्या-नाल्यांत सोडलं गेलं, आणि तेलाचा गाळ मातीच्या उघड्या खड्ड्यांत साठवला गेला. लोक कोर्टात गेले. 2011 मध्ये स्थानिक न्यायालयाने, टेक्साको विकत घेतलेल्या शेवरॉनला प्रचंड भरपाई द्यायला लावली. वरच्या न्यायालयाने ती 950 कोटी डॉलरवर आणली. मग 2014 मध्ये अमेरिकी न्यायालयाने तो निकालच लबाडीने मिळवलेला ठरवला आणि 2018 मध्ये हेगच्या लवादानेही कंपनीच्या बाजूने कौल दिला. कोण खरं, कोण खोटं हा वाद वकिलांवर सोडू. त्या निकालातला एक डॉलरही गावकऱ्यांच्या हाती पडला नाही, एवढं मात्र निर्विवाद.

"निम्मे पैसे तुम्ही द्या"

राफाएल कोर्रेआ 2007 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. ते स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचे ऊर्जामंत्री होते आल्बेर्तो आकोस्ता. ब्लॉक 43 मधलं तेल जमिनीतच ठेवावं ही कल्पना इक्वेडोरमधले पर्यावरण कार्यकर्ते काही वर्षं मांडत होते; आकोस्तांनी ती सरकारी धोरणात आणली. त्याच वेळी सरकारी तेलकंपनीच्या प्रमुखांना विहिरी खोदायची घाई झाली होती. कोर्रेआंनी दोघांनाही हो म्हटलं: आधी पहिला पर्याय करून बघू, जमलं नाही तर दुसरा.

सप्टेंबर 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून त्यांनी जगापुढे सौदा ठेवला. आम्ही हे तेल कायमचं जमिनीत ठेवतो. त्यामुळे सुमारे 40.7 कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाणार नाही. त्यात आमचं जे नुकसान होईल त्याचा निम्मा भार जगाने उचलावा: वर्षाला साधारण 35 कोटी डॉलर. पुढे ही रक्कम तेरा वर्षांत 360 कोटी डॉलर अशी पक्की झाली. पैसे देणाऱ्यांना हमीपत्र मिळणार होतं. उद्या एखाद्या सरकारने विहिरी खोदल्याच तर पैसे परत. आलेल्या निधीतून अपारंपरिक ऊर्जा आणि जंगलसंवर्धनाची कामं व्हायची होती.

दुसऱ्या वर्षी देशाने नवी राज्यघटना स्वीकारली. निसर्गालाच हक्क देणारी ती जगातली पहिली राज्यघटना म्हणून तिचं कौतुक झालं. तिच्या 407 व्या कलमात संरक्षित क्षेत्रांतून तेल काढायला बंदी आहे. आणि लगेच पुढे पळवाटही आहे: राष्ट्राध्यक्षांनी विनंती केली आणि संसदेने ती बाब राष्ट्रहिताची ठरवली, तर चालेल.

आणखी एक गंमत. जगाकडे तेल न काढण्याचे पैसे मागितले त्याच 2007 सालात इक्वेडोर पुन्हा तेल उत्पादक देशांच्या ओपेक संघटनेत सामील झाला होता.

पैसे का आले नाहीत

ऑगस्ट 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या देखरेखीखाली निधी उघडला गेला. पहिली देणगी दिली चिलीने: एक लाख डॉलर. ज्यांच्या भरवशावर सगळं उभं होतं, त्या जर्मनीच्या संसदेने 2008 मध्ये पाठिंबा दिला होता. पण सरकार बदललं आणि नव्या विकासमंत्र्यांनी 2010 मध्ये हात आखडता घेतला. त्यांचा मुद्दा असा की एखादी गोष्ट न करण्याचे पैसे द्यायला लागलो तर उद्या रांग लागेल. युरोपच्या कार्बन बाजारातही ही हमीपत्रं चालेनात, कारण तिथे प्रदूषण कमी केल्याचा हिशेब होतो. जमिनीत राहिलेल्या तेलाला तिथे खातंच नव्हतं.

या नकारात श्रीमंत देशांचा ढोंगीपणा भरपूर आहे. हवेतला कार्बन बहुतांशी त्यांचा, आणि "जंगल वाचवा" हा उपदेशही त्यांचाच. पण सगळं खापर त्यांच्यावर फोडून मोकळं होता येत नाही.

डिसेंबर 2008 मध्ये इक्वेडोरने काही जुन्या कर्जरोख्यांचं व्याज द्यायला नकार दिला. ती कर्जं बेकायदा होती असं सरकारचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्यही असेल. पण एका हाताने "तुमचं देणं देत नाही" म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने "तेरा वर्षं आमच्यावर विश्वास ठेवा" म्हणायचं, हे सावकाराच्या पचनी पडत नाही. जानेवारी 2010 मध्ये करार सहीच्या टप्प्यावर आला असताना कोर्रेआंनी निधीच्या अटी देशाला लाज आणणाऱ्या आहेत असं जाहीरपणे म्हटलं आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री राजीनामा देऊन बाहेर पडले. शिवाय दुसरा पर्याय, म्हणजे तेल काढायची तयारी, शेवटपर्यंत टेबलावर उघडी पडलेली होती. पैसे देणाऱ्याला प्रस्ताव विनंतीपेक्षा धमकीसारखाच वाटू लागला: द्या, नाहीतर खोदतो.

माझ्या मते मूळ गोची व्यवहाराच्या प्रकारात होती. विक्रीत काहीतरी हातात पडतं. कर्जात परतफेड असते. दानात पुण्य. यासुनीच्या हमीपत्रात पैसे देणाऱ्याला यातलं काहीच धड मिळत नव्हतं. याच इक्वेडोरने 2023 च्या मे महिन्यात गालापागोस बेटांसाठी वेगळा मार्ग काढला. बाजारात भाव पडलेले सुमारे 160 कोटी डॉलरचे जुने कर्जरोखे नव्या, स्वस्त कर्जातून निम्म्याहून कमी पैशांत परत विकत घेतले आणि वाचलेल्या पैशातला वाटा समुद्रसंवर्धनाला बांधून दिला. तिथे कुणापुढे हात पसरावा लागला नाही. बँकेला तिचं मिळालं, सरकारला त्याचं. या कर्जबदलावर टीकाही पुष्कळ झाली, विशेषतः त्यातल्या गुप्ततेवर. पण जगाच्या सद्भावनेला साद घालून जे साधलं नाही ते रोखेबाजारात साधलं, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

15 ऑगस्ट 2013 रोजी कोर्रेआंनी दूरचित्रवाणीवर योजना गुंडाळल्याचं जाहीर केलं. "जगाने आमची निराशा केली," असं ते म्हणाले. 360 कोटी डॉलर मागितले होते. आश्वासनं मिळाली होती 11.6 कोटींची, आणि प्रत्यक्ष जमा झाले होते 1.33 कोटी. शेकडा अर्धा टक्कासुद्धा नाही.

दोन्हीकडचा खर्च

ऑक्टोबर 2013 मध्ये संसदेने ब्लॉक 43 मधलं तेल राष्ट्रहिताचं ठरवलं. हा पैसा गरिबी हटवायला वापरू, उद्यानाच्या हजारातल्या एका भागालाही धक्का लावणार नाही, अशी ग्वाही दिली गेली. त्या वेळी आंतरराष्ट्रीय बाजारात तेल बॅरलमागे शंभर डॉलरच्या वर होतं.

किटोच्या तरुणांनी यासुनिदोस नावाचा गट बांधला आणि सार्वमताची मागणी केली. कायद्याने मतदारांच्या पाच टक्के सह्या लागत होत्या, त्यांनी साडेसात लाखांवर जमवल्या. निवडणूक मंडळाने त्यातल्या निम्म्याहून जास्त बाद केल्या. कारणं काय, तर कागदाचा आकार बरोबर नाही, शाईचा रंग चुकला, ओळखपत्राची प्रत नीट नाही. सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ही भाषा नवी नाही.

पहिलं तेल निघालं सप्टेंबर 2016 मध्ये, तिपुतिनीतून. तोवर बाजारभाव पन्नास डॉलरच्याही खाली आला होता. शिवाय हे तेल जड आणि घट्ट, त्यामुळे त्याला मुळात भाव कमी, आणि त्याच्याबरोबर वर येणारं पाणी तेलाहून कितीतरी जास्त. ते पाणी वेगळं करायचं, पंपांनी परत खोल जिरवायचं, तेल गरम आणि पातळ ठेवत अँडीज ओलांडून पॅसिफिकच्या बंदरावर न्यायचं. या सगळ्याला ऊर्जा लागते, म्हणजे पैसे लागतात. त्यात 2009 पासून चीनकडून घेतलेल्या कर्जांपोटी देशाचं बरंचसं तेल आधीच बांधलं गेलं होतं.

गरिबी हटवायच्या आश्वासनाचं काय झालं, याची झलक 2019 च्या ऑक्टोबरात दिसली. सरकारने नाणेनिधीशी केलेल्या करारानंतर डिझेल-पेट्रोलवरचं अनुदान काढलं आणि देश पेटला. आदिवासी संघटनांचे मोर्चे किटोत धडकले, सरकारला काही दिवस कारभार ग्वायाकिल शहरात हलवावा लागला, आणि शेवटी निर्णय मागे घ्यावा लागला. कच्चं तेल निर्यात करणारा हा देश तेव्हा स्वतःच्या गाड्यांसाठी डिझेल आयात करत होता आणि ते स्वस्तात विकत होता. या अनुदानावर एखाद्या वर्षी जो खर्च होई तो यासुनीसाठी जगाकडे मागितलेल्या वार्षिक रकमेच्या कित्येक पट होता. जंगल जपायला पैसा नाही असं म्हणणाऱ्या तिजोरीतून तो पैसा दुसऱ्या दाराने जात होता, आणि ते दार लावण्याची राजकीय ताकद कुणातच नव्हती.

मतपेटी

यासुनिदोसच्या सह्यांचा खटला नऊ वर्षं रेंगाळला. अखेर मे 2023 मध्ये घटनात्मक न्यायालयाने सार्वमताला परवानगी दिली, आणि 20 ऑगस्ट 2023 रोजी, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीबरोबरच, मतपत्रिकेवर प्रश्न आला: ब्लॉक 43 मधलं तेल अनिश्चित काळासाठी जमिनीतच ठेवावं, हे तुम्हाला मान्य आहे का?

ती निवडणूक शांत नव्हती. मतदानाच्या अकरा दिवस आधी एका उमेदवाराचा किटोत गोळ्या घालून खून झाला होता. कोकेनच्या टोळ्या बंदरांवर राज्य करत होत्या. अशा वेळी लोक झाडांचा विचार करतील असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

सरकारी तेलकंपनीने हिशेब मांडला होता: विहिरी बंद केल्या तर वर्षाला 120 कोटी डॉलरचं, दोन दशकांत 1,380 कोटींचं नुकसान. हा वार्षिक आकडा जरा उलगडून पाहू. ब्लॉक 43 मधून दिवसाला सुमारे 57 हजार बॅरल तेल निघत होतं, देशाच्या उत्पादनाच्या साधारण बारा टक्के. वर्षाचं झालं 2 कोटी 8 लाख बॅरल. बॅरलमागे साठ डॉलर धरले तर विक्री होते 125 कोटींची. म्हणजे सरकार ज्याला नुकसान म्हणत होतं ते जवळजवळ सगळ्या विक्रीएवढं होतं. काढण्याचा, पाणी जिरवण्याचा, वाहतुकीचा खर्च वजा जाता हातात उरणारी रक्कम साहजिकच त्याहून बरीच कमी. दुकानदाराने गल्ला दाखवून तोच नफा म्हणून सांगावा तसं हे झालं. तरीही सरकारी आकडा जसाच्या तसा मान्य केला, तर माणशी वर्षाला सत्तरच्या आत डॉलर होतात. त्या रकमेसाठी यासुनी खणायचं की नाही, हा खरा प्रश्न होता. आणि तो असा रोख विचारला गेला तर गरीब देशातला माणूसही उत्तर देऊ शकतो.

उत्तर आलं: सुमारे 59 टक्के लोकांनी तेल जमिनीत ठेवा म्हणून कौल दिला. चालू असलेलं तेलउत्पादन एका देशाने मतदानाने थांबवायला सांगावं, हे अभूतपूर्व होतं. त्याच दिवशी किटोच्या मतदारांनी शहराजवळच्या चोको आंदिनो जंगलातली खाणकामंही नाकारली.

जगभरच्या बातम्या इथेच संपल्या. पण निकालाचा प्रांतवार तक्ता पाहिला की आनंद जरा विरतो. ब्लॉक 43 ज्या ओरेयाना प्रांतात आहे, तिथे बहुमत उलट होतं. ज्यांच्या अंगणात विहिरी आहेत त्यांनी त्या चालू ठेवा म्हटलं.

हे अज्ञान नव्हे आणि कंपनीने विकत घेतलेली मतंही नव्हेत, निदान सगळी नव्हेत. ओरेयानात रोजगार म्हणजे तेल. कंत्राटदाराकडचा वेल्डर, छावणीतला स्वयंपाकी, होडीवाला, खानावळवाली बाई, सगळ्यांची चूल त्यावर पेटते. तेलाच्या विक्रीतला काही वाटा कायद्याने अमेझॉनमधल्या स्थानिक संस्थांना मिळतो, त्यातून दवाखाने चालतात. तेल येऊन पन्नास वर्षं झाली तरी हा प्रदेश देशातल्या सर्वांत गरीब भागांत मोडतो. मग तेल गेल्यावर काय राहणार, ही त्यांची भीती. वाओरानींच्या राष्ट्रीय संघटनेचे नेते बंदीच्या बाजूने उभे होते, तर ब्लॉकच्या जवळच्या कावीमेनो वस्तीतले वाओरानी विरोधात. त्यांना शाळा आणि आरोग्यसेवा कंपनीकडून मिळाल्या होत्या. सरकार तिथवर कधी पोचलंच नव्हतं.

आपल्याकडच्या नियमगिरीशी तुलना करण्याचा मोह होतो. कोर्रेआंनी हात टेकले त्याच महिन्यात, ऑगस्ट 2013 मध्ये, ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरची बॉक्साइटची खाण बारा ग्रामसभांनी एकमुखाने नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते मतदान झालं, आणि मत होतं फक्त डोंगरावर राहणाऱ्यांना. यासुनीत मत दिलं साऱ्या देशाने. नियमगिरीची पद्धत जास्त न्यायाची वाटते, मलाही वाटते. पण ती ओरेयानात वापरली असती तर विहिरी चालू राहिल्या असत्या, आणि ज्यांच्या जिवावर बेतलं होतं त्या तागाएरी-तारोमेनानेंना तर दोन्ही पद्धतींत मतपेटीच नाही. "स्थानिकांना विचारा" हे सूत्र सोपं आहे. स्थानिक कोण, हे ठरवताना घाम फुटतो.

किटो आणि किनाऱ्यावरच्या मतदाराने जंगल वाचवलं ते तसं स्वस्तात. त्याच्या खिशाला माणशी साठ-सत्तर डॉलरची तोशीस, तीही सगळ्यांत वाटली जाणारी. ओरेयानातल्या वेल्डरची मात्र पूर्ण नोकरी जाणार होती. 2007 मध्ये इक्वेडोर जगाला जे सांगत होता, की जंगलाचा फायदा सगळ्यांना आणि भुर्दंड एकट्या आम्हाला, तेच वाक्य 2023 मध्ये ओरेयाना इक्वेडोरला सांगू शकत होतं. फरक इतकाच की ओरेयानासाठी कुणी निधी उघडला नव्हता.

विहीर बुजवताना

न्यायालयाने विहिरी बंद करायला एक वर्षाची मुदत दिली होती. नवे राष्ट्राध्यक्ष दानिएल नोबोआ यांनी उमेदवार असताना बंदीला पाठिंबा दिला होता. निवडून आल्यावर, टोळ्यांशी लढायला पैसा हवा म्हणून, बंदी काही काळ पुढे ढकलता येईल का याची चाचपणी त्यांनी 2024 च्या सुरुवातीला केली. ऑगस्ट 2024 संपता संपता, मुदतीच्या अगदी कडेला, इश्पिंगोतली पहिली विहीर बंद झाली. एकूण 247 विहिरी आहेत, त्यांना पाच वर्षं पाच महिने लागतील आणि काम डिसेंबर 2029 ला संपेल, असं सरकारने न्यायालयाला कळवलं.

उशिराची काही कारणं खोटी नाहीत. विहीर बंद करणं म्हणजे झाकण लावणं नव्हे. आतला पंप आणि नळ्या ओढून काढायच्या, ठरावीक खोलीवर सिमेंटचे बुच घालायचे, दाबाखाली ते टिकतात का तपासायचं, मग वरची यंत्रं, वाहिन्या, छावणी, खडीचे चौथरे उचलायचे आणि ते सगळं नदीमार्गाने बाहेर न्यायचं. घाईत नीट न बुजवलेली विहीर पुढे कित्येक वर्षं खाली पाणी नासवत राहते. पण 247 विहिरी पाच वर्षं पाच महिन्यांत उरकायच्या तर वर्षाला पंचेचाळीसच्या आसपास व्हायला हव्यात. सुरुवातीची गती त्याच्या जवळपासही नव्हती, आणि बंद न झालेली प्रत्येक विहीर दरम्यान तेल देतच असते.

तेलही गेलं, तूपही गेलं अशी ही गत. 2007 मध्ये जंगल शाबूत होतं आणि खर्च शून्य होता. 2013 मध्ये खोदायचं ठरलं तेव्हा निदान भाव तरी चढा होता. प्रत्यक्षात रस्ते, चौथरे, वाहिन्या यांवर पैसा ओतून झाला, बहुतेक काळ त्याहून कमी भावात सात-आठ वर्षं तेल विकून झालं, आणि आता ते सगळं उखडायचा खर्च. निर्णय दोन्हींपैकी कुठलाही घेऊन त्यावर ठाम राहिले असते तरी देश आजच्यापेक्षा बऱ्या स्थितीत असता. जंगल ठेवायचं ठरवलं असतं तर उघडच. पण पैशांच्या बाजूनेही दर पाच-सात वर्षांनी दिशा बदलणारा प्रकल्प सर्वांत महाग पडतो.

मार्च 2025 मध्ये आंतरअमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने तागाएरी आणि तारोमेनाने यांच्या प्रकरणात इक्वेडोर सरकारला दोषी धरलं. त्यांच्या हद्दीत घुसखोरी आणि हत्याकांडं होऊ दिल्याबद्दल ताशेरे ओढले आणि सार्वमताची अंमलबजावणी करा असंही बजावलं. चार महिन्यांनी, जुलै 2025 मध्ये, काटकसरीच्या कारणाने नोबोआ सरकारने पर्यावरण मंत्रालय ऊर्जा आणि खाण मंत्रालयात विलीन केलं. तेल काढायचे परवाने देणारे आणि बुजवलेल्या विहिरी तपासणारे आता एकाच मंत्र्याच्या हाताखाली आहेत. ओरेयानातल्या कामगारांचं पुढे काय, याची ठोस योजना अजून समोर आलेली नाही. 2029 यायला मात्र आता फार वर्षं उरली नाहीत.